सिद्धोबाच्या रथाला विंच

“शिरप्या, वायरवरनं पाय काढ.”

“काढतो की. वायर काय चावतीय?”

“पाय काढ म्हणतोय न्हवं!”

एक पाय वायरवर, दुसरा हवेत, दोन्ही हात पसरलेले, असा मी डोंबाऱ्यासारखा उभा होतो. उसाची भरलेली ट्रॉली गुरबसूआण्णाच्या रानात चाकाच्या आसापर्यंत रुतली होती, आणि तिला ओढायला ती वायर लावली होती. तोडणीच्या बाया बांधावर बसून माझ्याकडं बघून खिदळत होत्या. बाया हसायला लागल्या की मला कुठं थांबायचं ते कळत नाही, हे आमच्या घरचे अजून सांगतात.

कलगोंडानं मशीनचा दांडा मधे घेतला, ट्रॅक्टर बंद केला आणि खाली उतरला. ओरडला नाही. जवळ येऊन नुसता उभा राहिला.

“मी कारखाना का सोडला, सांगितलंय का तुला?”

“सायेब शिव्या द्यायचा म्हणून.”

“यार्डात असंच ओढायचं काम चाललं होतं. वायर तुटली तवा मी तुझ्यागत उभा होतो. माझ्यासंगं कामाला असणारा बाबू माझ्या म्होरं उभा होता.”

“मग?”

“मग बाबू दोन ठिकाणी पडला.”

मी पाय काढला. बायांचं हसणं थांबलं होतं की मलाच ऐकू येईनासं झालं, आठवत नाही. कलगोंडानं ओली पोती परत वायरवर नीट टाकली. वायर तुटलीच तर पोत्यांच्या वजनानं खाली पडावी, हवेत सापासारखी उसळू नये, म्हणून ती पोती. मग त्यानं सगळ्यांना लांब पिटाळलं. वायर जेवढी लांब, तेवढं माणूस लांब, हा त्याचा कायदा. आणि मगच दांडा ओढला. ट्रॉली म्हातारी खाटेवरनं उठावी तशी कण्हत उठली आणि रस्त्यावर आली.

तर हा कलगोंडा. माझं पंक्चरचं दुकान आणि त्याचं वेल्डिंगचं दुकान, मधे एक पत्र्याची भिंत. त्या भिंतीपलीकडं त्यानं हे विंच, म्हणजे ड्रमवर वायर गुंडाळत ओझं ओढणारं मशीन, बनवलं. ट्रॅक्टरच्या मागं बसवायचं, ट्रॅक्टरच्याच तेलाच्या दाबावर फिरायचं. त्याला लागणारी हायड्रॉलिक मोटर मी मिरजेच्या भंगारवाल्याकडनं आणली. कसली मोटर म्हणून भंगारवाल्यानं विचारलं तर म्हणालो, ही तुमच्याकडं पडलेली, मामाच्या रसवंतीची, चोरीला गेली होती, ही बघा मामाची खूण. असली कुठली खूण नव्हती, पण गडी घाबरला आणि रद्दीच्या भावात दिली.

ओढायचं काम लवकर जमलं. थांबवायचं काम महिनोन् महिने चाललं. ताण प्रमाणाबाहेर गेला की तेल आपोआप माघारी सोडणारा वॉल, ड्रम उलटा फिरू न देणारा खटका, चालवणाऱ्याच्या पाठीमागं जाड जाळी, ट्रॅक्टर मागं सरकू नये म्हणून जमिनीत रुतणारा लोखंडी दात. मी म्हणायचो, “मर्दा, मशीन करालास का तुरुंग?” तो मास्कच्या आतनं म्हणायचा, “ओढतंय कुणीबी. सोडायचं कळाय पायजे.”

आणि रोज येऊन माझ्या दुकानात बसायचे ते त्याचे वडील, आप्पा. शिवगोंडा आप्पा. बाप-लेकाचं बोलणं बंद होतं. कारखान्यातली पर्मनंट नोकरी आप्पांनी ओळखीपाळखीनं लावून दिली होती, ती यानं सोडली. बाबूचं काय झालं ते यानं घरात कधी सांगितलं नाही. त्यामुळं आप्पांच्या लेखी पोरगं भंगारात गेलं. मग काय, निरोप्या मी.

आप्पा तंबाखू मळत पत्र्याकडं तोंड करून म्हणायचे, “तुझ्या दोस्ताला सांग, पर्मनंट सोडून गिरमिट केलंयस. आता त्यात बरफ घालून आईसफ्रूट तरी काढ.”

मी वळसा घालून पलीकडं जायचो. “कलगोंडा, आप्पा म्हणालं, झकास झालंय.”

तो मास्क वर करायचा. “आप्पा? आन झकास? खरं काय ते बोल.”

“आईसफ्रूट काढ म्हणालं.”

“हां, आत्ता कसं.” आणि गडी खूश होऊन परत ठिणग्या उडवायला लागायचा. “त्यास्नी विचार, गारीगार का मलई?”

मी परत वळसा घालून यायचो. असा माझा धंदा. पंक्चर काढण्यापेक्षा यात मजा होती. बापानं चांगलं म्हटलं असं सांगितलं तर लेकाचा विश्वास बसत नव्हता. शिवी सांगितली की दिवसभर शीळ वाजवायचा.

त्या वर्षी सिद्धोबाच्या यात्रेच्या आदल्या दिवशी वळीव पडला आणि ओढ्याच्या उताराचा नुसता लोणी-काला झाला.

आमच्या हरोळगीचा रथ तुम्ही बघितला नसणार. सागवानी, तीन मजली, चाकं माणसाच्या उंचीची. देवळापासनं निघतो, ओढ्याकाठच्या पादुकांना भेटून दिवस मावळायच्या आत माघारी येतो. आला नाही तर वर्षभर गावात अक्षता पडत नाहीत. दोन जाडजूड नाडे लावून सगळं गाव ओढतं. ओढणाऱ्यांचं एवढं काय नसतं. खरा मान उटीवाल्याचा. उटी म्हणजे चाकाखाली सारायचा लाकडी ठोकळा. रथ जिथं थांबवायचा तिथं ती बरोबर चाकापुढं, नाहीतर चाकामागं सारायची. क्षणभर चुकलं तर रथ माणसांवर जातो. हा मान आप्पांच्या घराण्यात. रथ चालला असताना उटीवाल्यानं चाक सोडायचं नाही, देव आडवा आला तरी.

त्या दिवशी माघारी येताना रथाचं डावीकडचं पुढचं चाक उतारावर खचलं. गाव ओढून ओढून दमलं. माणसं चिखलात घसरून एकमेकांवर पडत होती, गुलाल आणि चिखल मिळून सगळ्यांचा एकच रंग झाला होता. मीही दोनदा पडलो, एकदा मुद्दाम. बैलांच्या चार जोड्या लावल्या. रथ हलायच्या ऐवजी आणखी कलला.

ऊन कलायला लागलं तेव्हा आप्पा माझ्याजवळ आले. मांडीपर्यंत चिखल, उटी खांद्यावर.

“शिरप्या, तुझ्या दोस्ताला सांग...”

पुढं बोलेनात.

“काय सांगू, आप्पा?”

“तूच बघ काय सांगायचं ते. तसं बी माझं सांगणं तू कवा जसंच्या तसं सांगतोस?”

मी गार झालो. म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं.

कलगोंडा दुकानातच होता. यात्रेला तो बाजूलाच राहायचा. मी सांगितलं, तर त्यानं मान हलवली.

“न्हाई जमायचं.”

“मशीनला जमायचं न्हाई?”

“मशीनला जमंल. गावाला जमायचं न्हाई. लोकं वायरला हात लावतील.”

त्याचं बरोबर होतं. आमच्या गावात रथाला बांधलेला ताणलेला दोर दिसला की हात आपोआप जातो. नाड्याला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा. आया तान्ह्या लेकरांचे हात धरून लावतात. नाड्याला हात लागला नाही तर यात्रा घडलीच नाही. त्यांना वायर काय आणि नाडा काय.

“आप्पांनी सांगितलंय,” मी म्हणालो.

“थापा मारू नगंस.”

“भाईर रस्त्यावर उभं हायत. बघ.”

त्यानं दारातनं डोकावून बघितलं. आप्पा रस्त्याच्या कडेला उभे होते, दुकानाकडं पाठ करून. कलगोंडा किती तरी वेळ चिंधीला हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला. मग ट्रॅक्टरवर चढला.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, घट्ट जमिनीत त्यानं ट्रॅक्टर लावला. मागचा लोखंडी दात जमिनीत रुतवला. वायर सोडत रथापर्यंत नेली आणि रथाच्या पुढच्या बाजूला वाकला तो वाकलाच. तिथं नाडे बांधायची लोखंडी कडी आहे, पणजोबांच्या काळातली. त्यानं कडीवर हातोडी मारून कान लावला. परत मारली.

“बद्द वाजतीया,” तो म्हणाला. “आतनं चिरलीय का काय, कळंना. आण्णा, मी आसाला साखळी लावतो. कडीला न्हाई.”

गुरबसूआण्णा देवस्थानचे पंच. माईक गळ्यातच. “आसाला लोखंड? कलगोंडा, आरं आसात देव बसतो. तुझ्या आज्यानं कवा लावलं न्हाई.”

“आज्यानं विंच बी लावलं न्हवतं.”

आप्पा उटीवर हात ठेवून उभे होते. माझ्याकडं बघून म्हणाले, “तुझ्या दोस्ताला सांग, आसाला साखळी लागायची न्हाई.”

लेक चार हातांवर उभा होता. तरी मी सांगितलं. “आसाला साखळी लावलीस तर देव कोपंल म्हणतात.”

“ऐकलं,” कलगोंडा म्हणाला. त्यानं सूर्याकडं बघितलं, कललेल्या रथाकडं बघितलं. मग ट्रॅक्टरकडं जाऊन ताणाचा वॉल पुष्कळ सैल केला. “हळूहळू ओढतो. कडीला जादा भार आला तर मशीन आपसूक थांबंल. पण वायरीजवळ, रथाजवळ एक माणूस नको. एक बी. उटीवाला सुदिक न्हाई. रथ माघारी आला तर माझा खटका धरंल.”

मी आप्पांकडं बघितलं. रथ चालताना उटीवाल्याला बाजूला व्हा म्हणणं म्हणजे भर यात्रेत पागोटं काढून घेणं. मला वाटलं, आता म्हातारा उटी फेकून मारतोय.

आप्पा म्हणाले, “बरं. मी बांधावर थांबतो, म्हणून सांग त्याला.”

आयुष्यात तो एकच निरोप मी जसाच्या तसा पोचवला.

आण्णांनी माईकवरनं सांगितलं, “भक्तांनो, वायरला कुणी हात लावायचा न्हाई! लांब व्हा! वायरला हात लावायचा न्हाई!” आणि माईक बंद करून स्वतःच पुढं आले, वायरला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि कपाळ टेकवलं.

झालं. अख्खं गाव वायरीवर.

कलगोंडानं दांडा सोडला. इंजिन बंद केलं. मी काठी घेऊन लोकांना मागं हाकललं. एका म्हातारीनं माझीच काठी धरून वायरला हात लावून घेतला. परत इंजिन चालू. वायर ताणली, पोती थरथरली, रथ कणभर वर आला. “हर हर!” लोक ओरडले आणि परत वायरीकडं धावले. परत बंद. तेवढ्यात रथ आणखी वर आला होता, खड्ड्याच्या कडेवर. पुढं चढला तर सुटला, आणि मागं आला तर आडवा होणार. वायर सैल करायची सोय आता राहिली नव्हती. पुढं ओढायचं तर वायरीला माणसं चिकटलेली, बाया, लेकरं, म्हातारी. हात लावताहेत आणि कपाळाला लावताहेत.

कलगोंडा सीटवरनं उभा राहून ओरडत होता. ढोल-ताशात त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार? नुसतं तोंड हलताना दिसत होतं. त्याचं तोंड मी असं कधी बघितलं नव्हतं. बाबूचं सांगतानासुद्धा नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. काय तरी कर, एवढंच.

मला दुसरं काय येतं?

देवळामागच्या चिंचेवर आग्या मोहोळ लटकलेलं असतं, हे गावातल्या रांगत्या पोराला माहीत होतं. मी एका धनगराच्या खांद्यावरचं घोंगडं ओढलं, डोक्यावरनं घेतलं आणि वायरीच्या कडेनं बोंबलत सुटलो.

“मव्हाळ उठलं! आरं पळा, मव्हाळ उठलं! आई गं, चावलं गं! मेलो! पळा!”

मी उड्या मारत होतो, गालफाडात मारून घेत होतो, चिखलात लोळत होतो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं सोंग. पहिल्यांदा एक बाई किंचाळली, “बाई, माझ्या केसात!” तिच्या केसात काय नव्हतं. मग दुसरी. मग ताशेवाला ताशा टाकून पळाला. गुरबसूआण्णा धोतर डोक्यावर घेऊन पळाले, त्याच्या आत काय होतं ते गावानं बघितलं. दोनशे माणसाचं रान बघता बघता मोकळं झालं. मी घोंगड्यातनं हसत होतो. खरंच सांगतो, पोट धरून हसत होतो.

मग मला आप्पा दिसले.

ते बांधावर नव्हते. चाकाजवळ होते, उटी हातात धरून वाकलेले. आणि माझ्याकडं बघून हसत होते. सगळं गाव फसलं होतं, तो एकटा म्हातारा फसला नव्हता.

“आप्पा! पळा! खरंच पळा!”

“गप रं,” ते ओरडले. “कुठलं आलंय मव्हाळ? मला शिकवतोयस?”

ट्रॅक्टरवरनं ते दिसत नव्हते. माणसाएवढं चाक मधे. कलगोंडाला मोकळं रान दिसलं, आणि तेच हवं होतं. मी त्याच्याकडं तोंड करून दोन्ही हात हलवले, थांब, थांब म्हणून. घोंगडं टाकलं, उड्या मारल्या. त्यानं मला हात वर करून शाबासकी दिली. त्याला वाटलं, अजून मोहोळच चाललंय.

त्यानं दांडा ओढला.

रथ चढला. अगदी फुलासारखा. पुढचं चाक काठावर आलं, आता सुटला असं वाटलं, आणि खटकन आवाज आला. तुटलेली वायर दिसत नाही म्हणतात, पण वायर तुटली नव्हती. कडी तुटली होती. वायर पोत्यांच्या ओझ्यानं जागच्या जागी चिखलात पडली, साप मेल्यागत. जिथं मघाशी बाया उभ्या होत्या, बरोबर तिथं. कडीचा तुकडा उडून जाळीवर आदळला आणि कलगोंडाला ओरखडासुद्धा आला नाही. त्यानं बनवलेलं सगळं चाललं. वॉल, जाळी, पोती, खटका, सगळं.

पण खटका वायर धरतो. वायरीच्या टोकाला आता रथ नव्हता.

रथ मागं आला. आप्पांनी उटी घातली. बरोबर घातली, चाकाच्या मागं, जिथं घालायची तिथं. रथ उभा राहिला, पडला नाही. मात्र उटी रुतायच्या आधी चाक वीतभर मागं आलं होतं, आणि त्या वीतभरात आप्पा होते.

कलगोंडा ट्रॅक्टरवरनं उडी मारून आला तेव्हा त्याला वाटलं, रथ वाचला. तो पळत पळत हसत होता. चाकाला वळसा घातला आणि थांबला.

आम्ही त्यांना फळ्यांनी उचलून काढलं. आण्णांची जीप होती. कलगोंडानं दुसऱ्या कुणाला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. मी मागं, आप्पांचं डोकं मांडीवर घेऊन. रस्ता म्हणजे काय, वळवानं उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला आप्पा डोळे मिटायचे. कमरेखाली मी बघत नव्हतो.

“आप्पा, बांधावर थांबतो म्हणालासा.”

“म्हणालो तर.”

“मग?”

“तू एकटाच थापा मारावं का?”

मला हसू आलं. मला त्या जीपमधे हसू आलं. त्यांनाही आलं, पण त्याचा खोकला झाला आणि खोकल्यातनं रक्त आलं. मी टॉवेलनं पुसलं. पुढं कलगोंडा इंजिनच्या आवाजात काही ऐकू शकत नव्हता, आरशात मात्र सारखा बघत होता.

“मव्हाळ खोटं हाय हे कळालं होतं न्हवं तुम्हास्नी? मग पळायचं की. उटी टाकून पळायचं.”

त्यांनी एक खड्डा जाऊ दिला. मग माझी कॉलर धरून मला खाली वाकवलं. जोर कुठनं आणला, सिद्धोबा जाणे.

“पत्र्याला भोक हाय,” ते म्हणाले. “तुझ्या दुकानात. टायरांच्या मागं. मी रोज बघायचो. त्यो खटका... किती येळा केला, किती येळा मोडला त्यानं. परत करायचा. मी बघितलाय त्यो खटका.” दम लागला. “धरणार हे मला ठावं होतं. पोरानं केलंय म्हणून थांबलो. न्हाईतर मी काय येडा हाय? सांग त्याला.”

“तुम्हीच सांगा. आलंच हॉस्पिटल.”

“आमचं कुठं बोलणं हाय?” म्हणाले, आणि डोळे मिटले. पुढच्या खड्ड्याला ते मिटलेच राहिले. त्याच्या पुढच्यालाही.

डॉक्टरनं दारातच नाडी बघितली आणि आम्हाला व्हरांड्यात बसायला सांगितलं. बसायला सांगितलं की काय ते कळतं. दिवस नुकताच मावळत होता. गावाकडनं कुणी तरी मोटारसायकलवर येऊन सांगितलं, पोरांनी आसाला साखळी लावली आणि रथ ओढून देवळात नेला. वेळेत गेला. कलगोंडानं ते ऐकलं की नाही, माहीत नाही. त्याच्या हातात अजून विंचचे चामडी हातमोजे होते. गाडीसुद्धा त्याच हातांनी चालवली होती.

“शिरप्या.”

“हां.”

“आप्पा तुझ्याशी बोलत होतं. मी आरशात बघितलं.”

मी टॉवेलवरचं रक्त आत दुमडलं.

“काय म्हणालं?”

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. बांधावर थांबतो हा निरोप मीच पोचवला होता, आणि तो त्याच्यावर विसंबून दांडा ओढून बसला होता. आता बापानं त्याच्या खटक्यावर विसंबून जीव ठेवला होता, हे मी त्याला सांगायचं होतं. त्याची मान थोडी पुढं आली होती. जसा तो पत्र्यापलीकडं मास्क वर करून थांबायचा, तसा थांबला होता.

“सांग की. काय म्हणालं?”

“शिव्या घातल्या,” मी म्हणालो.

“कुणाला?”

“कुणाला म्हंजे? तुला. म्हणालं, ह्याला गाडी चालवाय कुणी शिकवली? एक खड्डा सोडला न्हाई बेण्यानं. रथाखाली जेवढं मोडलं न्हाई तेवढं ह्यानं जीपमधी मोडलं.”

कलगोंडा माझ्याकडं बघत राहिला. मी डोळे हलवले नाहीत. सगळ्या जन्माची थापेबाजी मी त्या एका बघण्यात लावली.

“असं म्हणालं?”

“सिद्धोबाची आण.”

त्याच्या तोंडातनं एक आवाज आला. पहिल्यांदा मला वाटलं, हसला. हसलाच होता. मग भिंतीला टेकून खाली खाली घसरत गेला आणि हातमोज्यांत तोंड घालून लहान पोरासारखा रडला. मी शेजारी बसलो. जरा वेळानं तोंड वर करून म्हणाला, “खड्डं चुकवायला रस्ता तर पायजे का न्हाई?”

“तेच म्हणालो मी त्यास्नी.”

“मग?”

“मग म्हणालं, तू गप. तू बी त्याच्यातलाच.”

आता आम्ही दोघंही पिकायला आलोय. त्यानंतर देवस्थाननं रथाला नवी कडी बसवली. रथाला विंच लावतात आणि वायरजवळ कुत्रंसुद्धा येऊ देत नाहीत. गाव सांगतं की त्या दिवशी सिद्धोबानं मोहोळ होऊन माणसं वाचवली. ज्यांना चावलं ती माणसं अजून जागा दाखवतात. मोहोळ नव्हतंच, ते मी केलं होतं, असं मी कितीदा सांगितलं, तर म्हणतात, ह्या शिरप्याला कशाचं तरी श्रेय घ्यायचंच असतं.

कलगोंडाचं विंच अजून चालतं. हंगामात रुतलेल्या ट्रॉल्या ओढायला लोक लांबनं बोलवायला येतात. चहा होतो, विषय निघतो. मग कलगोंडा त्यांना आप्पांची गोष्ट सांगतो. रथ, कडी, उटी, सगळं. आणि शेवटी मांडीवर थाप मारून म्हणतो, “आमचा बाप मरताना बी माझ्या ड्रायव्हिंगला शिव्या घालून गेला बघा. हा शिरपा साक्षी हाय. विचारा त्याला.”

सगळे माझ्याकडं बघतात.

“घातल्या की,” मी म्हणतो. “लई घातल्या. तोंडावर सांगता येत न्हाईत असल्या.”

आणि तो हसतो.